बिल्डचा पसारा: आपोआप तयार होणाऱ्या फाइली कुठे ठेवायच्या आणि कधी पुसायच्या

मेक, म्हणजे बदललेल्या फाइली ओळखून प्रोग्राम पुन्हा तयार (बिल्ड) करणारं साधन, स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यामागची हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे याक हे व्याकरणावरून कोड तयार करणारं साधन लिहिणारे, एके दिवशी वैतागून त्यांच्या खोलीत शिरले. प्रोग्राममधली एक चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती आणि प्रोग्राम तर बरोबर होता. चूक आधीच दुरुस्त झाली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. शिळी ऑब्जेक्ट फाइल (कोड कंपाइल झाल्यावर तयार होणारी, .ओ) जोडली जात होती आणि माणूस ताज्या कोडमध्ये चूक शोधत होता.

आजही बिल्डच्या पसाऱ्यामुळे जाणारा वेळ बराचसा असाच जातो. डिस्क भरते ही अडचण त्यामानाने किरकोळ आहे. खरं नुकसान करतात त्या शिळ्या, अर्धवट आणि बेवारस फाइली. म्हणून कुठल्याही फाइलीबद्दल मी आधी दोन गोष्टी विचारतो: ही कुणी तयार केली, आणि पुसली तर परत कोण करून देईल? उत्तर माहीत असेल तर ती बेधडक पुसावी. माहीत नसेल तर हात लावू नये, आधी शोध घ्यावा.

पुढचं सगळं जीएनयू मेक, सी भाषा आणि गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) धरून सांगतो, कारण यात काहीच झाकलेलं नसतं. आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या इंग्रजी लिपीत टाइप करा. उदाहरणाला एक छोटा प्रकल्प घेऊ, गणक. त्यात गणक.वाय ही व्याकरणाची फाइल आहे, तिच्यापासून बायसन (याकसारखंच साधन) गणक.सी तयार करतो. मुख्य.सी हाताने लिहिलेली आहे. आणि तक्ता.एच ही आकड्यांची हेडर फाइल एका पायथन स्क्रिप्टमधून निघते.

पहिली पायरी: मोजदाद

रोजच्या कामाच्या फोल्डरमध्ये ही मोजदाद करू नका. तिथे सहा महिन्यांचं काय काय साचलेलं असतं. दुसरीकडे रेपो नव्याने क्लोन करा, म्हणजे गिटमधल्या प्रकल्पाची ताजी प्रत घ्या, एकदा पूर्ण बिल्ड करा आणि मग 'गिट स्टेटस --शॉर्ट --इग्नोर्ड' चालवा. ज्या ओळीपुढे दोन प्रश्नचिन्हं दिसतील ती फाइल गिटला अनोळखी आहे. दोन उद्गारचिन्हं असतील तर ती .गिटइग्नोरमुळे (गिटने कुठल्या फाइली पाहू नयेत याची यादी) दुर्लक्षिलेली आहे. आणि एखाद्या ओळीपुढे एम हे अक्षर दिसलं तर तिथेच थांबा. कमिट केलेली, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदलेली फाइल बिल्डने बदलली, असा त्याचा अर्थ. एक तर कुणीतरी तयार झालेली फाइल रेपोत घातली आहे, नाहीतर बिल्डची एखादी पायरी मूळ कोडवर लिहिते आहे. पुढे जाण्याआधी याचा छडा लावायलाच हवा, कारण अशी फाइल दर ब्रांचमध्ये मर्जच्या वेळी भांडण लावते.

यादी कागदावर काढा. प्रत्येक फाइलीसमोर तिचा जन्मदाता लिहा. गणक.ओ कंपायलरची, गणक.सी बायसनची, तक्ता.एच स्क्रिप्टची. डाउनलोड करून आणलेल्या लायब्ररी वेगळ्या लिहा, कारण त्या परत येतात खऱ्या, पण नेट असेल आणि समोरचा सर्व्हर चालू असेल तरच. शेवटी काही फाइली उरतात ज्यांच्यासमोर काहीच लिहिता येत नाही. पासवर्डची .एन्व्ह फाइल, चाचणीसाठी हाताने भरलेला डेटाबेस, कुणीतरी टिपणं लिहून ठेवलेली मजकुराची फाइल.

सगळ्यात जपायला हव्यात त्या याच. .गिटइग्नोरमध्ये दोन अगदी वेगळ्या जातीच्या फाइली शेजारी शेजारी बसतात: परत तयार होणाऱ्या, आणि कधीच परत न येणाऱ्या पण कमिट करायच्या नसलेल्या. गिटला हा फरक कळत नाही. एकदा रात्री उशिरा बिल्ड काही केल्या होत नव्हतं म्हणून मी 'गिट क्लीन -एफडीएक्स' चालवलं. सेकंदात फोल्डर लख्ख झाला. बिल्डही झालं. मग प्रोग्राम सुरू केला तर डेटाबेस नाही. तीन आठवडे एकेक विचित्र नोंद हाताने भरून तो जमवला होता. गिट क्लीन पुसलेलं काहीही रिसायकल बिनमध्ये टाकत नाही आणि कमिट नसल्यामुळे गिटच्या इतिहासातही त्याचा मागमूस नव्हता. त्या दिवसापासून जन्मदाता नसलेली फाइल मी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवत नाही. ती होम फोल्डरमध्ये वेगळी ठेवतो आणि तिचा पत्ता प्रोग्रामला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देतो.

दुसरी पायरी: गिट क्लीन नीट वापरणं

आधी नेहमी एन. 'गिट क्लीन -एनडीएक्स' म्हटलं की काय काय पुसलं जाईल ते नुसतं दाखवलं जातं. ती यादी खरोखर वाचा, वरवर स्क्रोल करू नका. मगच एनच्या जागी एफ घाला. डी म्हणजे अनोळखी फोल्डरांमध्येही शिरा.

एक्स स्मॉल की कॅपिटल यात मोठा फरक आहे. स्मॉल एक्स दिला तर अनोळखी आणि दुर्लक्षित, दोन्ही जातीच्या फाइली जातात. म्हणजे आत्ताच लिहिलेली, अजून 'गिट ॲड' न केलेली नवी सोर्स फाइलसुद्धा. कॅपिटल एक्स फक्त दुर्लक्षित फाइली पुसतो आणि नव्या सोर्स फाइलीला हात लावत नाही. रोजच्या वापरासाठी कॅपिटल एक्सच बरा.

एखादी फाइल वाचवायची असेल तर ई हा पर्याय आहे, पण तो दोन्हीकडे सारखा वागत नाही. स्मॉल एक्ससोबत '-ई .एन्व्ह' दिलं की .एन्व्ह वाचते. कॅपिटल एक्ससोबत तेच दिलं तर ती दुर्लक्षितांच्या यादीत जाते आणि पुसली जाते! तिथे नावाआधी उद्गारचिन्ह लावून ते अवतरणचिन्हांत द्यावं लागतं. हे लक्षात ठेवण्यापेक्षा दरवेळी एन चालवणं सोपं.

तिसरी पायरी: बिल्डला वेगळी खोली

एवढं एकच केलंत तरी निम्मं दुखणं संपतं. तयार होणारं सगळं बिल्ड नावाच्या एका फोल्डरमध्ये जाऊ द्या. मग सफाई म्हणजे तो फोल्डर उडवणं, बाकी काही नाही.

मेसॉन हे बिल्डचं साधन वेगळ्या फोल्डरशिवाय चालतच नाही, आणि मला ही सक्ती योग्य वाटते. सीमेक हे तसलंच दुसरं साधन सक्ती करत नाही, पण 'सीमेक -एस . -बी बिल्ड' असं सांगितलं की सगळं बिल्डमध्ये जातं. यात एक खाच आहे. कधीतरी चुकून मूळ फोल्डरमध्येच सीमेक चालवलं असेल तर तिथे सीमेककॅश.टीएक्सटी पडून राहते. पुढे बिल्ड फोल्डरमध्ये जाऊन 'सीमेक ..' म्हटलं की सीमेकला वरच्या फोल्डरमध्ये ती सापडते आणि तो मूळ फोल्डरलाच बिल्डचा फोल्डर समजून तिथे पसारा करतो. वेगळ्या फोल्डरचा नियम पाळूनही फाइली बाहेर येत असतील तर आधी ही फाइल शोधा. शिवाय सीमेकचं क्लीन टार्गेट, म्हणजे सफाईची आज्ञा, ऑब्जेक्ट फाइली पुसतं, पण ही कॅश फाइल तशीच ठेवते. कंपायलर बदलला असेल तर फोल्डरच उडवा, किंवा ३.२४ आवृत्तीपासून आलेला '--फ्रेश' हा पर्याय वापरा.

साध्या मेकफाइलीत, म्हणजे मेकचे नियम लिहिलेल्या फाइलीत, हीच सोय आपल्याला करावी लागते. नियम असा लिहायचा की बिल्ड/%.ओ ही %.सी पासून तयार होते. तयार होणारी फाइल म्हणजे टार्गेट, जिच्यापासून होते ती पूर्वअट, आणि % म्हणजे कुठलंही नाव. तो फोल्डर आधी अस्तित्वात असायला हवा, म्हणून बरेच जण त्याचं नाव इतर पूर्वअटींच्या रांगेत टाकतात आणि मग दर वेळी सगळं पुन्हा कंपाइल का होतं म्हणून डोकं धरून बसतात. कारण साधं आहे. फोल्डरमध्ये एक जरी फाइल नव्याने आली तरी फोल्डरची वेळ बदलते, आणि मेकला वाटतं की पूर्वअट ताजी झाली. उपाय म्हणजे फोल्डरचं नाव उभ्या रेघेनंतर लिहायचं: बिल्ड/%.ओ : %.सी | बिल्ड. रेघेनंतरच्या पूर्वअटीबद्दल मेक फक्त 'आहे ना' एवढंच पाहतं, तिची वेळ पाहत नाही.

चौथी पायरी: मेक स्वतः काय पुसतं

गणक प्रकल्पात सगळं एकाच फोल्डरमध्ये असताना मेकफाइलीत एवढंच लिहिलं होतं की गणक हा गणक.ओ आणि मुख्य.ओ यांच्यापासून होतो. मेकला अंगभूत नियम माहीत असतात: वायपासून सी, सीपासून ओ. त्याने साखळी जुळवली, बिल्ड झालं, आणि शेवटी स्क्रीनवर एक ओळ आली: आरएम गणक.सी. नवख्या माणसाला इथे धक्का बसतो. आपण काही पुसायला सांगितलंच नव्हतं.

मेकच्या दृष्टीने गणक.सी ही मधली फाइल आहे. मेकफाइलीत तिचा नावाने उल्लेख नाही, बिल्डआधी ती नव्हती, म्हणून बिल्डनंतरही ती नसावी, असा त्याचा हिशेब. तीच फाइल आधीपासून फोल्डरमध्ये पडलेली असेल तर मेक ती पुसत नाही. त्यामुळे एकाच्या मशीनवर फाइल टिकते आणि शेजारच्याच्या मशीनवर गायब होते. डीबगर लावताना गणक.सी हवीच असते, तेव्हा हे फार खटकतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तिचं नाव मेकफाइलीत टार्गेट किंवा पूर्वअट म्हणून स्पष्ट लिहा. नाव आलं की ती मधली राहत नाही. दुसरा उपाय .सेकंडरी हे मेकचं खास टार्गेट. त्यात नाव घातलं की आपोआप पुसणं थांबतं, पण बाकी वागणूक मधल्या फाइलीचीच राहते: ती हाताने पुसली आणि पुढची गणक.ओ ताजी असेल तर मेक तिला पुन्हा तयार करण्याची तसदी घेत नाही. जीएनयू मेक ४.४ पासून, म्हणजे २०२२ पासून, .नॉटइंटरमीडिएट आहे. ते फाइलीला पूर्णपणे साधी फाइल बनवतं. मात्र मॅकबरोबर येणारं मेक ३.८१ आहे, २००६ सालचं, त्यामुळे मॅकवाले सोबती असतील तर यावर भिस्त ठेवू नका.

.प्रेशस मात्र विचार करून वापरा. तेही आपोआप पुसणं थांबवतं, पण सोबत आणखी एक संरक्षण काढून घेतं. बिल्ड चालू असताना कंट्रोल-सी दाबलं तर मेक अर्धवट टार्गेट पुसून टाकतं. .प्रेशसमध्ये असलेली फाइल तशीच अर्धवट राहते.

पाचवी पायरी: अर्धवट फाइली

माझ्या मते सगळ्या पसाऱ्यात सर्वांत घातक फाइल हीच, कारण ती दिसायला नेहमीसारखी असते.

तक्ता.एच तयार करणारा नियम असा होता: पायथन३ तक्ता.पीवाय > तक्ता.एच. शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) आधी '>' पाहतो, तक्ता.एच रिकामी करून उघडतो, आणि मग स्क्रिप्ट सुरू होते. स्क्रिप्ट चाळिसाव्या ओळीला चूक दाखवून बंद पडली तर मेक थांबतं आणि चूक सांगतं. इथवर ठीक. पण चाळीस ओळींची तक्ता.एच तिथेच राहते आणि तिची वेळ आत्ताची असते. आता पुन्हा मेक म्हणा. मेक वेळ पाहतं, फाइल स्क्रिप्टपेक्षा ताजी आहे म्हणून पुढे जातं. मग चूक येते ती मुख्य.सीमध्ये, अमुक नाव सापडत नाही अशी. माणूस मुख्य.सीत शोधत बसतो. कधी तर अर्ध्या तक्त्यानेही कंपाइल होतं आणि आकडे चुकतात, तेव्हा काही विचारूच नका.

मेकफाइलीच्या सुरुवातीलाच '.डिलीट_ऑन_एरर:' ही एक ओळ टाका. मग नियम चुकीने संपला की मेक त्याचं अर्धवट टार्गेट पुसतं. मेकच्या मार्गदर्शिकेतच म्हटलंय की बहुतेक वेळा हेच हवं असतं, फक्त जुन्या रिवाजामुळे ते आपोआप होत नाही. मी नव्या मेकफाइलीत पहिली ओळ हीच लिहितो.

तरीही वीज गेली किंवा कुणी प्रोसेस जबरदस्तीने मारली तर मेकला पुसायची संधीच मिळत नाही. त्यावर जुनी, खात्रीची रीत आहे: आधी तक्ता.एच.टीएमपी मध्ये लिहा, ते यशस्वी झालं तरच एमव्ही या आज्ञेने तिचं नाव तक्ता.एच करा. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. एकाच फाइलसिस्टममध्ये नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे तक्ता.एच एक तर पूर्ण असते, नाहीतर आधीची तशीच राहते किंवा नसतेच.

पाइप (एका आज्ञेचं आउटपुट थेट दुसरीला देणं) वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. स्क्रिप्टचं आउटपुट सॉर्टमधून काढून फाइलीत टाकलं, तर शेल शेवटच्या आज्ञेचा, म्हणजे सॉर्टचा निकाल धरतो. स्क्रिप्ट कोसळली तरी सॉर्ट यशस्वी, म्हणून मेकला चूक झाल्याचं कळतच नाही. अशा वेळी दोन वेगळ्या पायऱ्या करा.

सहावी पायरी: क्लीन टार्गेट

क्लीन हे फाइलीचं नाव नाही, म्हणून त्याला .फोनी या मेकच्या खास टार्गेटमध्ये टाका. नाहीतर कुणी क्लीन नावाची फाइल केली की मेक म्हणेल, ही तर आधीच तयार आहे, आणि काहीच पुसणार नाही.

पुसायच्या फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये ठेवून 'आरएम -आरएफ $(बिल्ड)/*' असं कधीही लिहू नका. व्हेरिएबल रिकामं राहिलं तर ती आज्ञा '/*' वर चालते, म्हणजे संपूर्ण मशीनच्या मुळावर. फोल्डरचं नाव थेट लिहा.

जीएनयूच्या संकेतात सफाईचे स्तर ठरलेले आहेत. क्लीन म्हणजे मेकने तयार केलेलं पुसा. डिस्टक्लीन म्हणजे कॉन्फिगर केल्यावर आलेलंही पुसा. मेंटेनर-क्लीन म्हणजे ज्या फाइली परत करायला बायसनसारखी खास साधनं लागतात त्याही पुसा. छोट्या प्रकल्पाला पहिले दोन पुरतात. पण वाटपासाठी गणक.सी सोबत देत असाल तर ती साध्या क्लीनमध्ये घालू नका. ज्याच्याकडे बायसन नाही तो क्लीन करून अडकून पडेल.

'मेक -जे क्लीन ऑल' असं एकत्र चालवू नका. समांतर बिल्डमध्ये एकीकडे पुसणं आणि दुसरीकडे तयार करणं एकाच वेळी चालतं. आधी क्लीन, ते संपल्यावर ऑल.

सातवी पायरी: .गिटइग्नोर

वेगळा फोल्डर केला असेल तर इथे फार काही लिहावंच लागत नाही. '/बिल्ड/' ही एक ओळ पुरते. सुरुवातीची तिरकी रेघ महत्त्वाची आहे: ती असेल तर फक्त सर्वांत वरचा बिल्ड फोल्डर दुर्लक्षिला जातो. नसेल तर आत खोलवर कुठेही बिल्ड नावाचा फोल्डर असला तरी तो गडप होतो, त्यात तुमचा खरा कोड असला तरी. इंटरनेटवरून उचललेल्या तयार यादीत 'लिब/' असते आणि नव्या मुलाने लिब फोल्डरमध्ये लिहिलेलं सगळं काम कमिटमध्ये येतच नाही, हे बऱ्याचदा घडतं. फाइल का दिसत नाही हे कळत नसेल तर 'गिट चेक-इग्नोर -व्ही' आणि पुढे फाइलीचं नाव द्या. कुठल्या फाइलीतल्या कितव्या ओळीमुळे ती दुर्लक्षिली गेली ते नेमकं सांगतं.

आधीच कमिट झालेल्या फाइलीवर .गिटइग्नोरचा काही परिणाम होत नाही. तिला 'गिट आरएम --कॅश्ड' ने रेपोतून काढावं लागतं. तुमच्या फोल्डरमध्ये ती राहते, पण सहकारी पुल करतील तेव्हा त्यांच्याकडची फाइल पुसली जाईल. त्यांना आधी कळवा, खास करून त्यांनी त्या फाइलीत हाताने काही बदल केले असतील तर.

एडिटरच्या आणि मॅकच्या .डीएस_स्टोअरसारख्या फाइली प्रकल्पाच्या यादीत घालू नयेत असं माझं मत आहे. त्या आपापल्या मशीनच्या असतात, होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग/गिट/इग्नोर मध्ये एकदाच लिहा, सगळ्या रेपोंना लागू होतं.

आठवी पायरी: बेवारस उरलेल्या

सोर्स फाइलीचं नाव बदललं किंवा ती काढून टाकली, की तिची तयार झालेली फाइल मागे राहते. मेक तिच्याकडे पाहत नाही, कारण तिचा नियमच उरलेला नाही. जावामध्ये जुनी .क्लास फाइल अशीच राहिली की काढून टाकलेला वर्गही सापडत राहतो, आणि बिल्ड तुमच्याकडे होतं, दुसरीकडे होत नाही. पायथनने हे २०११ मध्ये ३.२ आवृत्तीत बरंचसं सोडवलं: पीवायसी (कंपाइल झालेल्या) फाइली __पायकॅश__ फोल्डरमध्ये जातात आणि तिथली फाइल मूळ सोर्स नसेल तर वापरली जात नाही.

सीमध्ये उलट त्रास होतो. कुठली फाइल कुठल्या हेडरवर अवलंबून आहे ते कंपायलर .डी फाइलीत लिहितो, आणि तिच्यात जुन्या हेडरचं नाव असतं. हेडर काढून टाकलं की मेक म्हणतं, ही तयार करण्याचा नियम नाही, आणि थांबतं. कंपायलरला -एमएमडीसोबत -एमपी द्या. मग प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियम लिहिला जातो आणि हा अडथळा येत नाही.

घराबाहेरचा साठा म्हणजे ग्रेडल, मेव्हन, कार्गो या बिल्डच्या साधनांचे होम फोल्डरमधले कॅश. ते क्लीनमध्ये घालू नका, कारण ते इतर प्रकल्पही वापरतात. ग्रेडल आपल्या कॅशमधल्या बरेच दिवस न वापरलेल्या गोष्टी स्वतःच काढतो. बॅकअप फुगत असेल तर टार या आज्ञेचा '--एक्सक्लूड-कॅशेस' वापरा: ज्या फोल्डरमध्ये कॅशडिर.टॅग नावाची खुणेची फाइल असते त्याच्या आतलं तो वगळतो, आणि कार्गो आपल्या टार्गेट फोल्डरमध्ये ती खूण स्वतः ठेवतो.

शेवटची पायरी: तपासणी

पुन्हा नवा क्लोन घ्या. बिल्ड करा. लगेच दुसऱ्यांदा बिल्ड करा. काहीही कंपाइल व्हायला नको. झालं तर कुठल्या तरी नियमाचं टार्गेट प्रत्यक्षात तयार होत नाही, किंवा फोल्डर साध्या पूर्वअटींत राहिला आहे. मग क्लीन करा आणि 'गिट स्टेटस --शॉर्ट --इग्नोर्ड' पाहा. एकही ओळ यायला नको. जी येईल तिचा जन्मदाता कागदावर शोधा आणि क्लीनमध्ये घाला.

हेच आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवरही लावा: बिल्डनंतर 'गिट स्टेटस --पोर्सिलेन' चालवा आणि आउटपुट रिकामं नसेल तर बिल्ड नापास करा. नवी अनोळखी फाइल ज्या कमिटने आणली, त्याच कमिटवर ती पकडली जाते, आणि ज्याने आणली त्याला ती का आली हे अजून आठवत असतं.